मागील पानावरून पुढे

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास, आणि तेही जीव मुठीत धरून! मराठी विभागासाठी लेख लिहितेय म्हटल्यावर आई फोनवरच हसायला लागली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कृपया पोटात घाला. तरी हा विषय मराठीतच लिहायचा असं मी ठरवलं, कारण जे लेक्चरमधून आणि टेक्स्टबुकातून डोक्यात शिरलं नाही, ते आजोबांच्या एका जुन्या वहीतून शिरलं. आणि ती वही मराठीत आहे.

विषय आहे रनिंग टोटल. म्हणजे काय हे कोणालाच सांगायला नको. बँकेच्या पासबुकातला शेवटचा रकाना म्हणजे रनिंग टोटल. क्रिकेटच्या मॅचमध्ये टीव्हीवर षटकागणिक वर चढत जाणारी रेघ दाखवतात, तीही रनिंग टोटलच. "यात शिकण्यासारखं काय आहे? फर्स्ट सेमचा प्रोग्राम आहे हा!" असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. या एका प्रोग्रामपायी माझ्या रूममेटवर पैसे खाल्ल्याचा आळ आला, तोपर्यंत.

झालं असं

आमच्या हॉस्टेलची मेस आम्ही मुलीच चालवतो. माझी रूममेट मेस सेक्रेटरी. ती रोज रात्री वहीत जमा-खर्च लिहायची आणि मग कॅलक्युलेटर घेऊन शिल्लक काढत बसायची. मी म्हटलं, "अगं, कुठल्या जमान्यात राहतेस? दे इकडे, जावामध्ये करून देते." नुकतंच आम्हाला फंक्शनल प्रोग्रामिंग शिकवलं होतं, लॅम्डा, स्ट्रीम वगैरे. हात शिवशिवत होते.

दोन महिने सगळं छान चाललं. मग मला वाटलं, प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये हाच प्रोग्राम मांडू, आणि "मल्टिकोअरवर चालतो" असं पोस्टरवर लिहू. एका शब्दाचा तर बदल! साध्या स्ट्रीमच्या जागी पॅरलल स्ट्रीम केली. प्रोग्राम चालला, एररही आली नाही. महिनाअखेरची प्रिंट काढून नोटीस बोर्डवर लावली.

खरी यादी ऐंशी-नव्वद ओळींची होती. समजायला सोपं पडावं म्हणून इथे सहाच ओळींचा नमुना देते. जमा अधिक, खर्च उणे.

१. वर्गणी जमा: +६०००
२. भाजी: −१२००
३. दूध: −८००
४. वर्गणी जमा: +२०००
५. गॅस: −१९००
६. किराणा: −२६००

हाताने केलं तर शिल्लक अशी येते: ६०००, ४८००, ४०००, ६०००, ४१००, १५००. म्हणजे पेटीत १५०० रुपये असायला हवेत.

माझ्या प्रोग्रामची प्रिंट साधारण अशी होती: ८०००, ४२००, १५००, २०००, २३००, ५४००.

शेवटच्या ओळीत ५४००, आणि पेटीत १५००. मग ३९०० रुपये गेले कुठे? कॉम्प्युटर तर चुकत नाही ना! मेस कमिटीची मीटिंग बसली. कोणी थेट चोर म्हटलं नाही, पण "नीट आठवून बघ हं," असं ज्या सुरात म्हटलं, तो सूर काय होता हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "वहीप्रमाणे बरोबर आहे." वही कोणी उघडली नाही. प्रिंट समोर होती ना! मीसुद्धा उघडली नाही, हे लिहिताना अजूनही लाज वाटते. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि त्यातच दिवाळीची सुट्टी लागली.

चूक कुठे होती?

आधी साधा, पूर्वापार चालत आलेला मार्ग बघू.

शिल्लक = ०
यादीतल्या प्रत्येक रकमेसाठी:
शिल्लक = शिल्लक + रक्कम
शिल्लक लिहा

हा आपला नेहमीचा फॉर लूप. यात "शिल्लक" नावाचा एक डबा आहे, आणि प्रत्येक फेरीत आपण त्यातली जुनी किंमत पुसून नवी लिहितो. या पद्धतीत गैर काहीच नाही. पण हे बरोबर चालतं ते एका न लिहिलेल्या अटीवर: ओळी एकामागून एक, त्याच क्रमाने घेतल्या पाहिजेत.

फंक्शनल पद्धतीत विचार वेगळा असतो. यादी म्हणजे एक प्रवाह, स्ट्रीम. त्या प्रवाहावर आपण पायऱ्या बसवतो. फिल्टरने नको ते गाळायचं, मॅपने प्रत्येक वस्तूचं रूपांतर करायचं, रिड्यूसने सगळं मिळून एक उत्तर काढायचं. जावामध्ये हे सगळं २०१४ साली, जावा ८ बरोबर आलं. इथे मॅपला दिलेल्या फंक्शनने एकच ओळ बघायची आणि त्या ओळीचं उत्तर द्यायचं. शेजारच्या ओळीत काय आहे ते त्याला माहीत नसतं, माहीत असायची गरजही नसते. म्हणूनच मॅपची कामं चार कोअरना बिनधास्त वाटून देता येतात.

आता रनिंग टोटलची गोची लक्षात आली का? चौथ्या ओळीचं उत्तर एकट्या चौथ्या ओळीत नाहीच! त्यासाठी तिसरीपर्यंतचं सगळं माहीत हवं. म्हणजे साधा मॅप इथे पुरत नाही.

मी काय केलं? चोरवाट काढली. लॅम्डाच्या बाहेर "शिल्लक" हे व्हेरिएबल ठेवलं आणि मॅपच्या आतून ते बदलायला गेले. जावाचा कंपायलर लगेच ओरडला. लॅम्डाच्या आत वापरलेलं बाहेरचं लोकल व्हेरिएबल बदलता येत नाही, असा नियमच आहे. मग सगळे करतात तेच मीही केलं. एकाच घराचा ॲरे घेतला आणि त्या घरातली किंमत बदलत गेले. ॲरे तोच राहतो, फक्त आतला आकडा बदलतो, म्हणून कंपायलर गप्प बसतो. मला वाटलं, काय हुशार मी! खरं तर कंपायलर मला धोक्याची सूचना देत होता आणि मी तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

साधी स्ट्रीम ओळी क्रमाने घेत होती तोपर्यंत ही चूक झाकली गेली. पॅरलल केल्याबरोबर उघडी पडली. पॅरलल स्ट्रीम उत्तरांच्या ओळींचा क्रम जपते, पण कुठल्या ओळीवर काम आधी होईल याची हमी देत नाही. वरच्या नमुन्यात काम झालं ते चौथी, पहिली, सहावी, दुसरी, पाचवी, तिसरी या क्रमाने. करून बघा: २०००, मग ८०००, मग ५४००, मग ४२००, मग २३००, मग १५००. प्रत्येक आकडा आपापल्या ओळीसमोर छापा, माझी प्रिंट तयार! सहाव्या ओळीची पाळी आली तेव्हा भाजी, गॅस आणि दूध अजून वजा व्हायचेच होते. १२०० अधिक १९०० अधिक ८००, बरोब्बर ३९००. माझ्या मैत्रिणीने जे "खाल्ले" ते हेच.

बरं, यावर कोणी म्हणेल, ॲरेऐवजी ॲटॉमिक व्हेरिएबल वापर की! त्याने दोन थ्रेडनी एकाच वेळी लिहिल्यामुळे एखादी बेरीज हरवण्याचा धोका जातो, हे खरं. पण क्रमाचा घोळ तसाच राहतो. वरची चुकीची प्रिंट ॲटॉमिक व्हेरिएबल वापरूनही अगदी अशीच येऊ शकते, कारण त्यात एकही बेरीज हरवलेली नाही. फक्त अवेळी झाली आहे.

आजोबांची वही

सुट्टीत घरी गेले तेव्हा तोंड पडलेलंच होतं. आजोबांचं पूर्वी किराणा मालाचं दुकान होतं. त्यांनी विचारलं, "काय गं, परीक्षा वाईट गेली का?" मी सगळं सांगितलं. त्यांना जावा कळायचं कारण नाही, पण हिशेब कळतो. ते उठले आणि कपाटातून एक लांबोडी लाल वही काढून आणली. दुकानाची कीर्द. प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहिलेलं, "मागील पानावरून", आणि पुढे एक रक्कम. तळाला लिहिलेलं, "पुढील पानावर", आणि पुढे एक रक्कम.

आजोबा म्हणाले, "हे बघ बाळा, शिल्लक कुठे बाहेर टांगून ठेवायची नसते. ती पानाबरोबर पुढे द्यायची. मागच्याने काय दिलं ते वर लिहायचं, आपलं करायचं आणि पुढच्याच्या हातात ठेवायचं."

मी बघतच राहिले. हे तर स्कॅन!

फोल्ड आणि स्कॅन

फंक्शनल प्रोग्रामिंगमध्ये फोल्ड नावाची एक क्रिया आहे. जावामधलं रिड्यूस हा त्याचाच भाऊ. तिला तीन गोष्टी द्यायच्या: सुरुवातीची किंमत, एक फंक्शन आणि यादी. फंक्शनला दोन गोष्टी मिळतात, मागून आलेली शिल्लक आणि आताची रक्कम. ते नवी शिल्लक परत देतं. कुठलाही बाहेरचा डबा नाही, काही पुसणं नाही. शेवटी हाती एकच उत्तर राहतं, १५००.

स्कॅन म्हणजे हेच, पण वाटेत आलेली प्रत्येक शिल्लक जपून ठेवायची.

स्कॅन(आरंभ: ०, कृती: (मागची, रक्कम) → मागची + रक्कम)

फोल्ड म्हणजे वहीच्या शेवटच्या पानाचा शेवटचा आकडा, तर स्कॅन म्हणजे अख्खा शिल्लक रकाना. एवढाच फरक. पण मेसच्या हिशेबात आम्हाला रकानाच हवा होता.

स्कॅनचे दोन प्रकार असतात आणि ओरल्सला यावर हमखास गोंधळ होतो. प्रत्येक ओळीसमोर ती ओळ धरून शिल्लक लिहिली तर ते इन्क्लुझिव्ह स्कॅन, आपल्या पासबुकासारखं. ती ओळ सोडून, तिच्या आधीपर्यंतचीच शिल्लक लिहिली तर एक्सक्लुझिव्ह, म्हणजे "मागील पानावरून"चा आकडा. आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक असं लक्षात ठेवा, कधी विसरणार नाही. सी प्लस प्लसच्या २०१७ च्या आवृत्तीत या दोन्हींसाठी वेगवेगळी फंक्शन्स आहेत.

ही कल्पना नवीन मुळीच नाही. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल या भाषेत रनिंग टोटल काढायला दोन चिन्हं पुरतात, एक अधिकचं आणि एक तिरकी रेघ. आयव्हर्सन यांना १९७९ साली ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. हॅस्केलमध्ये स्कॅन पहिल्यापासून हाताशी आहे, आणि ती भाषा लेझी असल्यामुळे न संपणाऱ्या यादीचीसुद्धा रनिंग टोटल "काढता" येते. १, २, ३, ४ अशी अनंत यादी द्या आणि फक्त पहिली पाच उत्तरं मागा, १, ३, ६, १०, १५ मिळतील. बाकीची मागेपर्यंत मोजलीच जात नाहीत! पायथनमध्ये २०११ साली ॲक्युम्युलेट नावाचं फंक्शन आलं. जावाच्या स्ट्रीममध्ये मात्र तयार स्कॅन यायला २०२५ साल उजाडलं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ मध्ये गॅदरर नावाची सोय कायमची झाली, आणि तयार मिळणाऱ्या गॅदररमध्ये स्कॅन आहे. स्ट्रीम पॅरलल असली तरी ही पायरी ओळी क्रमानेच घेते, म्हणून उत्तर बिघडत नाही.

जुनं जावा असेल तर?

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मशीनवर जुनी आवृत्ती असेल. तेव्हा लोक काय काय करतात ते सांगते.

पहिला उपाय: प्रत्येक ओळीसाठी सुरुवातीपासून बेरीज. म्हणजे एक ते "न"पर्यंत आकडे घ्यायचे आणि प्रत्येकासाठी तितक्या ओळींची बेरीज परत काढायची. यात बाहेरचा डबा नाही, त्यामुळे पॅरललमध्येही उत्तर बरोबर येतं. दिसायलाही सुरेख! पण सहा ओळींसाठी २१ वेळा वाचन, हजार ओळींसाठी ५,००,५०० वेळा, आणि एक लाख ओळींसाठी पाचशे कोटींच्या वर. फॉर लूपमध्ये हेच काम एक लाख बेरजांत होतं.

दुसरा उपाय: रिड्यूसमध्ये रिकामी लिस्ट देऊन तिच्यातच भर घालत जायची. यात डबा बाहेरून आत आला इतकंच, पण सगळे थ्रेड मिळून त्याच एका लिस्टमध्ये लिहायला लागतात. पॅरललमध्ये हा उपायही तोंडावर आपटतो.

तिसरा उपाय: ॲरेज क्लासमधलं पॅरलल प्रीफिक्स. जावा ८ पासून आहे. त्याला रकमांचा ॲरे आणि बेरजेचं फंक्शन द्या, त्याच ॲरेत रनिंग टोटल तयार होऊन मिळते. मूळ रकमा पुसल्या जातात, तेव्हा हव्या असतील तर आधी कॉपी करून ठेवा.

चौथा उपाय: फॉर लूप. होय, तोच! नव्वद ओळींसाठी फॉर लूप लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. तो डबा एका मेथडच्या आत राहतो, बाहेर कोणाला दिसत नाही, आणि क्रम पक्का असतो. मी तेव्हा मुकाट्याने लूप लिहिला असता तर कोणाला मान खाली घालावी लागली नसती.

मग समांतर करताच येत नाही का?

हा प्रश्न मी आजोबांनाच विचारला. "प्रत्येक पानाला मागच्या पानाची वाट बघावी लागते. मग दिवाळीला वर्षाचा हिशेब एकाच माणसाने करायचा का?"

ते म्हणाले, "छे! मी आणि माझा भाऊ, दोघं बसायचो. पहिली अर्धी पानं त्याला, उरलेली मला. मी माझं शून्यापासून सुरू करायचो, पेन्सिलीने. त्याचं झालं की त्याची शेवटची शिल्लक घ्यायची आणि माझ्या प्रत्येक आकड्यात मिळवायची. मग शाई."

आपल्या सहा ओळींवर करून बघू. पहिल्या तीन ओळी एकाकडे: ६०००, ४८००, ४०००. पुढच्या तीन दुसऱ्याकडे, शून्यापासून: २०००, १००, −२५००. आता पहिल्याची शेवटची शिल्लक ४००० दुसऱ्याच्या प्रत्येक आकड्यात मिळवा: ६०००, ४१००, १५००. जमलं! माणसं चार असतील तर चौघांच्या शेवटच्या आकड्यांची आधी एक छोटी रनिंग टोटल काढायची, म्हणजे कोणाला मागून किती मिळणार ते कळतं, आणि मग सगळे एकदम आपापल्या पानात ती रक्कम मिळवतात.

बेरजा साधारण दुप्पट होतात, पण त्या वाटल्या जातात. कॉम्प्युटर सायन्समध्ये याला पॅरलल प्रीफिक्स सम म्हणतात. डॅनी हिलिस आणि गाय स्टील यांनी १९८६ साली हजारो प्रोसेसरच्या मशीनसाठी याची एक पद्धत मांडली, ज्यात १०२४ आकड्यांची रनिंग टोटल १० टप्प्यांत निघते. गाय ब्लेलॉक यांनी १९९० साली यावर सविस्तर लिहिलं आणि सॉर्टिंगसारखी कितीतरी कामं याच एका विटेवर कशी उभी राहतात ते दाखवलं. आजच्या ग्राफिक्स कार्डांवरही हीच वीट वापरतात. उदाहरणार्थ, लाखभर वस्तूंतून हव्या त्याच उचलून सलग मांडायच्या आहेत. हव्या त्या वस्तूला १ द्या, नको तिला ०, आणि रनिंग टोटल काढा. प्रत्येक हव्या वस्तूसमोर तिचा नवा नंबर तयार! मग एकमेकांची वाट न बघता सगळ्या आपापल्या जागी जाऊन बसतात.

हे सगळं चालतं ते बेरजेच्या एका गुणामुळे. (अ + ब) + क आणि अ + (ब + क) यांचं उत्तर एकच येतं. आम्ही याला असोसिएटिव्ह म्हणतो. मराठी मिडियमच्या मैत्रिणीने सांगितलं की शाळेत त्यांना "साहचर्य" असा शब्द होता. किती छान शब्द आहे! कंस कुठेही टाका, म्हणजे पानं कुठेही तोडा, उत्तर बदलत नाही. लक्षात घ्या, ओळींची अदलाबदल करायची परवानगी यात नाही. पानं तोडायची, पण क्रम तोच. माझ्या प्रोग्रामने नेमकं उलट केलं होतं.

हा गुण असलेली कुठलीही क्रिया स्कॅनमध्ये घालता येते. बेरजेच्या जागी "दोघांतलं मोठं" घाला, आतापर्यंतचा सर्वोच्च स्कोअर मिळेल. सरासरीला मात्र हा गुण नाही, आणि इथे आपल्या जिव्हाळ्याचा विषय येतो: सीजीपीए! समजा पहिल्या सेमला २० क्रेडिट आणि ८ एसजीपीए, दुसऱ्याला २४ क्रेडिट आणि ७. सरासरीची सरासरी काढली तर ७.५ येते, पण ते चूक आहे. पुढे सरासरी न देता जोडी द्यायची, एकूण गुण आणि एकूण क्रेडिट. (१६०, २०) आणि (१६८, २४) मिळून (३२८, ४४), म्हणजे ७.४५. जोड्यांची बेरीज साहचर्य पाळते, म्हणून ती स्कॅनमध्ये चालते. भागाकार फक्त छापताना करायचा.

एक इशारा. पॉइंटवाल्या आकड्यांची बेरीज, म्हणजे डबल टाइप, कॉम्प्युटरवर साहचर्य पाळत नाही! (०.१ + ०.२) + ०.३ करा आणि ०.१ + (०.२ + ०.३) करा. पहिल्याचं उत्तर ०.६००००००००००००००१ येतं, दुसऱ्याचं ०.६. म्हणून पैशांचा हिशेब पैशांतच, पूर्णांकात ठेवावा, आणि टाइप लाँग घ्यावा.

मग पुढे काय झालं?

सुट्टी संपल्यावर मी पुन्हा मीटिंग बोलवायला लावली. लॅपटॉप नेला आणि सगळ्यांसमोर जुना प्रोग्राम पाच वेळा चालवला. शेवटच्या ओळीत वेगवेगळे आकडे आले. तेव्हा कुठे सगळ्यांचे चेहरे बदलले. मग स्कॅनवाला नवा प्रोग्राम चालवला आणि शेजारी तिची वही उघडून ठेवली. ओळ न ओळ जुळली.

एकीने तरी विचारलंच, "मधल्या आठवड्यात किती गेले?" त्याचंही उत्तर रनिंग टोटल तयार असली की एका वजाबाकीत मिळतं. आपल्या नमुन्यात दुसऱ्या ते पाचव्या ओळीचा हिशेब हवा असेल तर पाचव्या ओळीची शिल्लक ४१०० वजा पहिल्या ओळीची ६०००, म्हणजे निव्वळ १९०० गेले. मधल्या ओळी परत मिळवायची गरज नाही.

मी सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं. रूममेट म्हणाली, "तू प्रोग्रामला सॉरी म्हण, तो बिचारा तू सांगितलंस तेच करत होता." आणि हसली. चार दिवसांचा अबोला तिथे संपला. वही मात्र ती अजूनही लिहिते, आणि आता मी तिला जुन्या जमान्याची म्हणत नाही. महिनाअखेरीला प्रिंट आणि वही शेजारी ठेवून दोघी मिळून टिक करतो. मगच नोटीस बोर्ड.

तेव्हा मंडळी, मॅपच्या आतून बाहेरचं व्हेरिएबल बदलायचा मोह झाला, की क्षणभर थांबा आणि स्वतःला आजोबांचा प्रश्न विचारा, "मागील पानावरून किती?" तो आकडा फंक्शनच्या हातात मागून आलेला असेल, तर बिनधास्त पुढे जा. बाहेर कुठेतरी टांगलेला असेल, तर प्रिंट काढू नका.